बॉक्स रूममधला पानमळा

अलकनंदाचं माहेर मिरजेच्या पूर्वेला, पानमळ्यांच्या गावात. तिच्या आप्पांचा मळा कपुरी पानाचा, आणि कपुरी पान म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागतं त्यानं ते खाल्लेलंच नाही. असं असून वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत अलकनंदानं तो मळा आतून पाहिलेला नव्हता. विटाळशी बाईची सावली पडली की पानवेल कुजते, असं आप्पांच्या घरात पक्कं मानलेलं. आता कोणती बाई कधी बाजूला बसलीय हे रोज कोण विचारत बसणार? म्हणून मग बायकांनी आत जायचंच नाही, अगदी परकरी पोरीनंसुद्धा नाही, मिटलं काम! पुरुषांनी बायकांसाठी केलेले नियम नेहमी असे सुटसुटीत असतात.

दोन हजार बाराच्या फेब्रुवारीत ती आयर्लंडहून माहेरी गेली, ती नेमकी मळा मोडायच्या वेळी. तिच्या भावाला, रमेशला, द्राक्षं लावायची होती. पानाला मजूर मिळत नव्हते, भावही पडलेला, त्यामुळे त्याचंही काही चुकत होतं असं नाही. आप्पा, म्हणजे रामकृष्ण मळेकर, वय वर्षं चौऱ्याहत्तर, फाटकापाशी काठी टेकून उभे होते आणि आतल्या वेली तुटताना बघत होते. अलकनंदा त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

“आप्पा, उद्या इथं नांगर फिरणार. आज तरी मी आत येऊ?”

“आज मळा हाय न्हवं?” आप्पा म्हणाले. “हाय तवर न्हाई.”

“मग मला बेणं द्या. मी तिकडं लावते.”

आप्पा हसले. हसण्यात कुजकेपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. “बाईच्या हाताला पानवेल लागत न्हाई, पोरी. कशाला जिवाला घोर लावून घेतीस?”

रमेशनं मात्र आप्पांची पाठ वळल्यावर वेलाच्या तीन कांड्या तोडून कुडावरून तिच्या ओंजळीत टाकल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून, साड्यांच्या घड्यांत दडवून तिनं त्या डब्लिनला उतरवल्या. विमानतळावर कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तिकडं ठरल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी मळ्यात नांगर फिरला होता. आता आप्पांच्या वेलीचं जगात जे काही उरलं होतं ते या तीन कांड्यांत होतं, आणि त्या मरू द्यायच्या नाहीत हे अलकनंदानं विमानातच ठरवून टाकलं होतं.

डब्लिनजवळच्या नावन गावातलं तिचं घर तसं बेताचंच. नवरा ज्ञानेश तिथल्या हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे मधल्या फळीतला डॉक्टर, मुलगी स्वरांगी दहा वर्षांची. वरच्या मजल्यावर एक बॉक्स रूम होती, म्हणजे आयरिश बिल्डरनं खोली म्हणून विकलेलं कपाट. तिथल्या बॅगा जिन्याखाली ढकलून अलकनंदानं जागा केली. पैसेही तिचेच होते. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेऊन साठवलेले सहाशे युरो. ती सांगलीची बी.कॉम., आणि बजेट करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ज्ञानेशकडून एक सेंटही घ्यायचा नाही हे पहिलं कलम.

घरात झाड वाढवायला सामान काय लागतं, हे तिनं इंटरनेटवर शोधलं. बघते तर या विषयावर माणसं किती मनापासून लिहितात! तंबू कोणता, पंखा कोणता, काटकसर कुठे करावी, कुठे करू नये, सगळं पोटच्या पोराला सांगावं तसं सांगितलेलं. झाडाचं नाव मात्र कुणी घेत नव्हतं. नुसतं ‘माझी मुलगी आता तीन फुटांची झाली’ वगैरे. किती जीव लावतात, असं वाटून अलकनंदाला भरून आलं. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. बजेटातला मोठा वाटा दिव्यावर घाला, बाकी कुठेही हात आखडा. दिवा म्हणजे सूर्य, आणि आयर्लंडात सूर्य विकतच घ्यावा लागणार, हे तिला बिनतोड वाटलं. मिरजेचं ऊन ती विसरली नव्हती.

दुकान डब्लिनच्या सँट्री भागात होतं, एका इंडस्ट्रियल इस्टेटीच्या मागच्या अंगाला. पाटी नव्हती. आत कॉर्मॅक नावाचा लाल दाढीचा माणूस बसला होता. पंजाबी ड्रेसवर रेनकोट घातलेली बाई पाहून तो उभाच राहिला.

“टोमॅटो, नाही का?” त्यानं विचारलं.

“टोमॅटो नाही. पान. लीफ,” अलकनंदा म्हणाली.

कॉर्मॅकनं दाराकडे एकदा बघून घेतलं. “मिसेस, इथे सगळे टोमॅटोच लावतात. तुम्हीही टोमॅटोच म्हणा.”

“पण मला टोमॅटो नकोयत. माझ्या वडिलांचा धंदाच पानाचा होता. चार एकर.”

“चार एकर?” कॉर्मॅकचा आवाज एकदम आदरानं खाली आला. “उघड्यावर?”

“तर काय! गावात सगळेच लावतात.”

“जीझस,” कॉर्मॅक म्हणाला आणि त्यानं तिच्यासाठी खुर्ची ओढली. मग जरा वेळानं त्यानं अगदी नम्रपणे सुचवलं की पानाला तशी किंमत नसते, खरा माल फुलात असतो. अलकनंदाला हसू आलं. “फुलाचं काय करायचंय? आम्ही पानच खातो. जेवण झालं की चुना लावून.” भारत हा देश आपल्या फार पुढे गेलेला आहे, एवढं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्यानं सामान काढून दिलं. तंबू, सहाशे वॅटचा दिवा, पंखा, टायमर आणि वासासाठी कोळशाचा फिल्टर. “पानाला कसला वास?” असं तिनं विचारलंही, पण तो म्हणाला, हा मात्र घ्याच, शेजाऱ्यांसाठी घ्या. शेजारधर्म म्हणून तिनं घेतला. बजेट सहाशेचं होतं आणि पाचशे ऐंशी झाले. उरलेल्या विसात कुंड्या, माती आणि ट्रे. तंबूत दिव्याखाली दोनच कुंड्या नीट बसत होत्या, म्हणून तिनं दोन जाडजूड हिरव्या कांड्या तिथे लावल्या. तिसरी प्रवासातच मान टाकून बसली होती. मरणाऱ्यावर खर्च कशाला, असा हिशेबी विचार करून तिनं ती दह्याच्या रिकाम्या डब्यात खोचली आणि बाथरूमच्या खिडकीत ठेवून दिली.

ज्ञानेशनं रात्री तंबूची चेन उघडून बघितली आणि तो दचकून मागे सरला.

“अलका, हे कुठून आणलंस?”

“सँट्रीहून. फार सज्जन माणूस आहे रे. खुर्ची दिली बसायला.”

“अगं, देणारच! गांजावाल्यांचं दुकान आहे ते! हा सगळा सेट-अप गांजाचा आहे. मागच्या महिन्यात पेपरात फोटो आला होता, सेम टू सेम.” ज्ञानेश स्वभावानं भित्रा नव्हता, पण परदेशात डॉक्टरकी करणाऱ्याला दारावर गार्डा, म्हणजे तिथले पोलीस, आले तर काय होईल याचं चित्र फार लवकर दिसतं. “मेडिकल कौन्सिलला काय सांगू, बायकोनं पानपट्टी काढलीय?”

अलकनंदाला मग ते ‘माझी मुलगी तीन फुटांची झाली’ आठवलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. पण लाजून मागे फिरेल तर ती मळेकरांची कसली? “पान लावणं गुन्हा आहे का? नाही ना? मग येऊ देत गार्डा. त्यांना विडा देईन.”

“चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला,” ज्ञानेश पुटपुटला आणि झोपायला गेला.

कोंबडी मात्र शिजायला तयार नव्हती. पहिल्या आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. अलकनंदानं पाणी वाढवलं. दुसऱ्या आठवड्यात पानं फिकट पडून कागदासारखी वाजायला लागली. तिनं दिवा आणखी दोन तास वाढवला, कारण बिचाऱ्यांना ऊन कमी पडतंय असं तिला वाटलं. चौथ्या आठवड्यात दोन्ही कांड्या काळ्या पडल्या. ती तंबूसमोर फरशीवर बसली आणि त्या काड्या हातात घेऊन चक्क रडली. सहाशे युरो गेले होते, पण रडू त्याचं नव्हतं. आप्पांचा मळा दोनदा मोडला होता, आणि दुसऱ्यांदा तिच्या हातानं.

न राहवून तिनं गावी फोन लावला. कांड्या चोरून आणल्या होत्या हे सांगितलं, जळाल्या हेही सांगितलं. रमेशच्या नावानं ओरडा होईल असं तिला वाटलं होतं. आप्पा ओरडले नाहीत.

“कवा जळाल्या?” त्यांनी विचारलं.

“मागच्या आठवड्यात.”

“तवा तू बाजूला हुतीस का?”

अलकनंदानं फोन या कानाचा त्या कानाला लावला. ती होती. नेमकी त्याच चार दिवसांत ती रोज तंबूत हात घालून पाणी देत होती.

“मंग?” आप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता, दुःख होतं. “तुला दोष न्हाई देत, पोरी. पर हाय ते हाय.”

फोन ठेवल्यावर ती जिन्यात बसून राहिली. हे सगळं खोटं आहे हे तिला कळत होतं. कॉलेजात असताना यावर तिनं वक्तृत्व स्पर्धेत भाषण ठोकून ढाल मिळवली होती. पण ढाल कपाटात राहते आणि भीती पोटात. आपल्या हातालाच काही आहे का, असा विचार तिच्या मनात आला, आणि तो आला याचीच तिला सगळ्यात जास्त शरम वाटली. ज्ञानेशला सांगितलं तर तो हसला. “शाळेत सायन्स शिकलीस की नाही?” म्हणाला. तेव्हा तिनं त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. चूक असलेली भीतीसुद्धा दुसऱ्यानं हसण्यासाठी नसते.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वरांगी अंघोळीला गेली आणि आतूनच ओरडली, “ममा! युअर यॉगर्ट प्लांट इज टचिंग माय टूथब्रश!”

“मराठीत बोल!” अलकनंदा सवयीनं म्हणाली, आणि मग पळतच वर गेली.

बाथरूमच्या खिडकीत दह्याच्या डब्यातली ती मरतुकडी कांडी उभी होती. ताठ. तिला दोन नवी पानं आली होती, पोपटी, लुसलुशीत, वाफेनं घामेजलेली, आणि एक कोवळा शेंडा आधार शोधत ब्रशच्या ग्लासापर्यंत पोचला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अलकनंदानं दार लावून घेतलं आणि टबच्या काठावर टेकली. काच धुरकट, उत्तरेकडची. ऊन म्हणून कधी येतच नाही. दिवसातून दोनदा-तीनदा गरम पाण्याची वाफ, भिंती कायम दमट. तिला मळ्याचं फाटक आठवलं. भर वैशाखात त्या फाटकापाशी उभं राहिलं की आतून गार, ओला वारा पायांवर यायचा. आप्पा दुपारी आतून बाहेर यायचे ते डोळे मिचकावत, अंधारातून आल्यासारखे. वेली उंच शेवरीच्या आणि पांगाऱ्याच्या सावलीत असायच्या! ती आयुष्यभर उभी राहिली होती बाहेर, उन्हात. म्हणून तिच्या डोक्यात मळा म्हणजे ऊन. आत एकदा जरी जाऊ दिलं असतं तरी तिनं युरो मोजून सूर्य विकत घेतला नसता.

मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि ती ताडकन उठली. त्या चार दिवसांतही ती याच बाथरूममध्ये अंघोळ करत होती. पहिल्या दिवशी केसांवरून पाणी घेतलं ते अर्धं या डब्यात उडालं होतं. आणि या बयेनं त्याच आठवड्यात पानं काढली होती! विटाळानं नव्हे, वॅटनं मारलं होतं त्या दोघींना. अलकनंदाला इतका आनंद झाला की तिनं टॉवेलात तोंड खुपसून हसून घेतलं. पोटातली भीती पार गेली असं नाही, अशा गोष्टी एका सकाळी जात नाहीत. पण आता तिच्याजवळ पुरावा होता आणि तो वाढत होता.

दुसऱ्याच दिवशी ती दिवा आणि फिल्टर घेऊन सँट्रीला हजर झाली. “जास्त उजेड झाला,” तिनं कॉर्मॅकला सांगितलं. “मला अंधार हवाय. आणि दमट हवा.”

“मिसेस, माझ्याकडे आजवर कमी उजेड मागायला कुणी आलं नाही,” तो म्हणाला. “दमट हवेत बुरशी येते. माल सडतो.”

“तुमच्या टोमॅटोचा सडत असेल. माझ्या पानाला तीच लागते.” आणि मग तिनं त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. विडा, चुना, सुपारी, मळा. कॉर्मॅक ऐकत राहिला, मग कपाळावर हात मारून एवढा हसला की मागच्या खोलीतून दुसरा माणूस बघायला आला. दिव्याचे आणि फिल्टरचे त्यानं बऱ्यापैकी पैसे परत धरले. नवं बजेट तिनं तिथेच काउंटरवर उभं राहून मांडलं. वाफ करणारं यंत्र, कुंडीखाली ठेवायची गरम चटई, हिरवी जाळी आणि घरात लावतात तशी साधी ट्यूबलाइट. एवढं घेऊनही पैसे उरले, तेव्हा तिनं दुसरी चटई घेतली. पैसे या वेळी तिनं उजेडावर नव्हे, ओलाव्यावर घातले होते.

वेल तंबूत हलवली त्या दिवशी तिनं आणखी एक गोष्ट ठरवली. दर महिन्याला त्या चार दिवसांत पाणी तीच घालणार. ज्ञानेश नाही, स्वरांगी नाही. पहिल्या महिन्यात तिनं तांब्या दोनदा खाली ठेवून मग उचलला. दुसऱ्या महिन्यात एकदाच. पुढे भ्यायचं ती कधी विसरली हे तिलाही कळलं नाही. चढायला शेवरी नव्हती, म्हणून स्वरांगीची मोडकी हर्ली, म्हणजे आयरिश हॉकीची काठी, कुंडीत रोवली. वेल तिच्यावर चढली, मग तंबूत आडव्या बांधलेल्या पडद्याच्या दांड्यावर, आणि वर्षभरात तंबूच्या आढ्याला टेकली. एकीच्या तिनं पाच केल्या. घरी आलेल्या मराठी मंडळींना ती जेवणानंतर एकेक पान द्यायची, आणि लिमरिकहून आलेल्या एका भूलतज्ज्ञानं ते तोंडात घालून डोळे मिटले होते.

आप्पांना तिनं यातलं काही सांगितलं नाही. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं.

दोन हजार तेराच्या जुलैत आप्पा आले. पहिलाच पासपोर्ट, पहिलंच विमान, कमरेला चंची तशीच. प्रवासात चंचीतली पानं सुकून गेली होती, त्यामुळे म्हातारा जेवणानंतर नुसतीच सुपारी कातरत बसायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी जिन्याकडे बघत विचारलं, “वर कसलं यंत्र घरघरतंय?”

ज्ञानेशनं अलकनंदाला स्वयंपाकघरात गाठलं. तिची तारीख त्याला माहीत होती. “आज दाखवू नकोस. चार दिवस थांब. नाहीतर दाखव, पण सांगू नको. ते कशाला विचारतायत?”

“न विचारता ते धरून चालतात, हाच तर घोटाळा आहे,” अलकनंदा म्हणाली. “चोरून वाढवली, आता चोरून दाखवू?”

ती आप्पांना हाताला धरून वर घेऊन गेली. बॉक्स रूमचं दार उघडलं आणि स्वतः उंबऱ्यावर आडवी उभी राहिली.

“आप्पा, आत आपली वेल हाय. रमेशनं दिलेल्यातली एक जगली.” मग तिनं श्वास घेतला. “आज माझा दुसरा दिवस हाय. तरी मी सकाळी पाणी घातलंय. दर महिन्याला घालते, लावल्यापासनं. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगितलं. आता बघायची तर बघा, न्हाईतर खाली चला.”

आप्पांनी जिन्याच्या कठड्यावर हात टेकला. अलकनंदानं वळून तंबूची चेन उघडली, आणि गार, ओली हवा दोघांच्या अंगावर आली. आप्पांच्या नाकपुड्या हलल्या. हिरव्या अंधारात पानावर पान चढलं होतं. अलकनंदा आत गेली. आप्पा दारातच राहिले. ती स्वतःलाच बजावत होती की हे काही बोलले तरी वेल मरणार नाही. तिनं वरच्या एका पानाला हात घातला.

“ते नगं,” आप्पा म्हणाले.

तिचा हात थांबला. डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं हात मागे घेतला नाही.

“ते कवळं हाय अजून,” आप्पा म्हणाले. “त्याच्या खालचं घे. व्हय, ते. वडू नगंस. अंगठ्याचं नख लाव देठाला, आन् मनगट फिरीव.”

तिनं तसं केलं. पान फाटून निम्मंच हातात आलं.

“रमेशचंबी पयलं असंच फाटलं हुतं. दुसरं घे.”

दुसरं पान अख्खं निघालं, देठासकट. अलकनंदानं ते मागे न बघताच दाराकडे धरलं. ते कुणी घेतलं नाही. फरशीवर काठी ठेवल्याचा आवाज झाला, आणि आप्पा उंबरा ओलांडून आत आले, तिच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आणि तिचा अंगठा आपल्या बोटांत धरून तिसऱ्या पानाच्या देठावर टेकवला.